आक्कानं बेट निवडलं

"आक्का, आपल्याला बेटावर जायचंय," मी फोनवर म्हटलं.

 आक्का म्हणाली, "कुठल्या? वरच्या अंगाच्या? तितं नगं बाई जाऊस, घोणस हाय."

चूक माझीच होती. लग्न होऊन मी भोरात आले त्याला तीस वर्षं होऊन गेली, आणि एवढ्या काळात माहेरची भाषा थोडीफार विसरले. आमच्या वेल्ह्याच्या डोंगरात बेट म्हणजे कळकाचं, बांबूचं बेट. ओढ्याच्या कडेला किंवा घरामागे पन्नास-साठ कळक एकाच बुडख्यातून वर आलेले असतात, ते बेट. मांडवाला कळक हवे असले की त्यातून तोडायचे, पावसाळ्यात कोवळे कोंब काढून भाजी करायची, आणि पोरांना बजावायचं की आत शिरू नका. दुसऱ्या तऱ्हेचं बेट भूगोलाच्या पुस्तकात होतं. तीन बाजूंनी पाणी ते द्वीपकल्प, चारी बाजूंनी पाणी ते बेट, एवढं लिहून आम्ही दोन मार्क मिळवले आणि विषय संपवला.

"अगं, पाण्यातलं बेट," मी म्हटलं. "चारी बाजूंनी पाणी असतं ते."

"मग येवढ्या लांब कशाला? तुमच्या भाटघरच्या धरणात हायेत की. उन्हाळ्यात पानी उतरलं का दोन-तीन वर येत्यात."

"समुद्रातलं, आक्का!"

माझा आवाज चढला. तो लवकर चढतो, हे मला मान्य आहे. शाळेच्या कार्यालयात अठ्ठावीस वर्षं मी वेळापत्रकं केली, आणि आठ तास व सतरा शिक्षक एका कागदावर बसवताना माणसाचा स्वभाव गोड राहत नाही. त्याच वर्षी मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती. पुण्यात नोकरी करणारी माझी लेक मध्यंतरी स्कूबा डायव्हिंग शिकून आली होती. ती म्हणाली, "आई, तू आणि मावशी दोघी माझ्याबरोबर चला. तिकिटांचं मी बघते. बेट कुठलं ते मात्र तुम्ही ठरवा." आणि तिनं तीन नावं दिली: अंदमान, लक्षद्वीप, मालदीव.

मावशीला न्यायचं हे लेकीनं आपण होऊन ठरवलं. माझ्या मनात ते कित्येक वर्षं होतं, पण तोंडातून निघत नव्हतं. त्याचं कारण सांगायला हवं.

आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणी आमच्या वाडीला एकच मोठी विहीर होती, आणि पाणी शेंदताना रोज कुणाची ना कुणाची कळशी दोरातून सुटून तळाला जायची. मग आक्काला हाक यायची. बारा-तेरा वर्षांची आक्का परकराचा काचा मारून पायऱ्यांवरून सूर मारायची, तळाशी जायची आणि कळशी घेऊन वर यायची. आसपासच्या चार वाड्यांत तसं कुणाला जमत नव्हतं, बाप्यांनासुद्धा नाही. कळशी मिळाल्यावर बाया तिला गुळाचा खडा द्यायच्या. त्यातला अर्धा मला मिळायचा.

मला पोहायला तिनंच शिकवलं. आमच्याकडे शिकणाऱ्याच्या पाठीला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा बांधतात. डबा तरंगतो, त्याबरोबर माणूस तरंगतं. मी सात वर्षांची असताना एका दुपारी माझ्या डब्याची दोरी सुटली. डबा एकीकडे गेला, मी दुसरीकडे. आक्कानं खालून येऊन मला उचललं, आणि मी घाबरून अशा लाथा झाडल्या की माझी टाच तिच्या उजव्या कानावर बसली. मी काठाला लागले. तिच्या कानातून त्या संध्याकाळी रक्त आलं आणि पुढे दोन पावसाळे कान वाहत राहिला. कान फुटला, आता पाण्यात जायचं नाही, असं आईनं सांगितलं. त्यानंतर आक्का पाण्याखाली कधीच गेली नाही. आता ती एकोणसाठ वर्षांची आहे.

म्हणजे मावशीला चल म्हणणं लेकीला सोपं होतं, मला नव्हतं. तरी मी फोन केला.

"तितं जाऊन करायचं काय?" आक्कानं विचारलं.

मी सांगितलं. पाठीला हवेची टाकी बांधतात, तोंडात नळी देतात, शेजारी शिकवणारा हात धरून असतो, आणि आपण तळाशी जाऊन मासे बघायचे.

"म्हंजे डबाच की," आक्का म्हणाली. "आपला डबा वर ठेवायचा, ह्यांचा खाली नेतो."

"हो. आणि खाली श्वास घेता येतो."

"किती येळ?"

"पाऊण तास."

  मागे कोंबड्यांचा आवाज ऐकू येत होता.

"पाऊण तास?" आक्का हळूच म्हणाली. मग तिचा नेहमीचा आवाज परत आला. "भात झोडून झालं का येते. बेट तू बग."

आक्का आयुष्यात कधी फिरायला गेली नव्हती. भाचीच्या लग्नालासुद्धा सकाळच्या एसटीनं येऊन संध्याकाळच्या एसटीनं गेली होती, कारण म्हैस. ती अर्ध्या मिनिटात हो म्हणाली, आणि मी फोन ठेवून स्वयंपाकघरात थोडी नाचले. यजमानांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, तुम्हाला पंधरा दिवस हातानं करून खायचंय. ते म्हणाले, बेटावर मला नेत नाहीस हे काय कमी आहे. त्यांना पाण्याचं वावडं आहे, अंघोळसुद्धा मोजून करतात.

मग मी तक्ता केला. अठ्ठावीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. उभ्या रकान्यात तीन बेटं, आडव्यात प्रवास, पाणी, मासे, जेवण, हवामान, कागदपत्रं. प्रत्येकाला दहापैकी गुण. यूट्यूबवर रोज दोन तास बघून मी ते भरले. खरं सांगायचं तर माझं मन पहिल्याच दिवशी अंदमानावर बसलं होतं. तिथं खोल पाण्यात भिंतीसारखे उभे प्रवाळ आहेत, मोठाली कासवं आहेत, आणि व्हिडिओतली एक बाई माझ्याच वयाची होती. त्यामुळे अंदमानच्या रकान्यात गुण जरा सढळ हातानं पडले. जेवणाला मी नऊ दिले. तिथलं जेवण मी कुठं खाल्लं होतं?

तो तक्ता पिशवीत घालून दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मी वेल्ह्याकडे निघाले. आक्काचं सासर पासलीच्या अलीकडच्या एका वाडीत आहे. उशिरा पिकणारं गरवं भात अजून शेतात उभं होतं, लवकरचं हळवं कापून खळ्यावर आलं होतं. दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, ओसरीवर विळे परजत बसले होते. त्यांनी तक्ता हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"ह्ये पोरीला स्थळं बघितल्यावानी केलंय तुमी," ते म्हणाले. "अंदमानात काळ्या पान्याला लोकांस्नी धाडायचे. आमच्या मंडळींनी काय गुन्हा केलाय?"

"दाजी, आता तिथं विमान जातं."

"नेतंय विमान, पन आनतंय का?"

आक्का भाकरी थापत होती. तिथूनच तिनं एकेका बेटाची चौकशी केली. मालदीव परदेश आहे आणि पासपोर्ट लागतो म्हटल्यावर तिनं ते तव्यावरच्या भाकरीबरोबर उलटून टाकलं. लक्षद्वीपला जायला सरकारची परवानगी लागते आणि त्यासाठी वर्तणूक चांगली असल्याचा पोलिसांचा दाखला जोडावा लागतो, हे ऐकून मात्र ती चिडली.

"माझी वर्तनूक पोलिसाला काय म्हाईत? त्यानं वाडीत येऊन इचारावं."

"वाडीत इचारलं तर मिळायचा न्हाई," दाजी म्हणाले.

तिसरा मुद्दा निघाला पाण्यातून आल्यावरचा. डायव्हिंग केल्यानंतर एक दिवस विमानात बसायचं नसतं, असं मी सांगितलं. अंगात हवा मुरलेली असते, ती हळूहळू बाहेर पडू द्यावी लागते.

"बाळंतिनीसारकं," आक्का म्हणाली, आणि तिला ते एकदम पटलं. एवढी काळजी घेतात म्हणजे माणसं जाणती असणार, असं तिचं मत झालं.

या सगळ्यात दाजींचा खरा प्रश्न बेटाचा नव्हता, म्हशीचा होता. म्हैस आक्काशिवाय कुणाला दूध देत नव्हती. दाजी जवळ गेले की पाय झाडायची. म्हणून गेले आठ दिवस संध्याकाळी दाजी आक्काचं जुनं लुगडं अंगावर घेऊन, डोक्यावरून पदर ओढून गोठ्यात जात होते. आमच्याकडे ही जुनी युक्ती आहे, जनावर वासाला फसतं. मला ते बघायला मिळालं. पदरातून पांढऱ्या मिशा बाहेर आलेल्या, आणि तोंडानं आक्कासारखं "थांब गं माजे बाय, थांब गं" चाललेलं. म्हशीनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं आणि दूध सोडलं. मला वाटतं तिला सगळं समजलं होतं, पण तिनं त्यांची लाज राखली.

"बगा," दाजी बादली घेऊन बाहेर येत म्हणाले. "बेटावर ह्या जानार, लुगडं म्या नेसनार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकीनं दिलेला डायव्हिंगचा चष्मा आणि श्वासाची नळी बाहेर काढली. नाकावर घट्ट बसणारा तो चष्मा घालायची सवय आधीच करा, असं लेकीनं सांगितलं होतं. अंगणात पाण्याचं निळं पिंप होतं. आक्कानं चष्मा लावला, नळी तोंडात धरली, आणि मग काही आठवल्यासारखी घरात गेली. बाहेर आली तेव्हा उजव्या कानात तेलात भिजवलेला कापसाचा बोळा होता. आल्यावर तिनं पिंपात मान घातली.

मी मनातल्या मनात आकडे मोजत होते. नळीतून फुस्स फुस्स आवाज येत होता. आक्काचे दोन्ही हात पिंपाच्या काठावर, पाय चवड्यांवर आणि बाकी सगळी आक्का पाण्यात. तेवढ्यात दाजी गवताचा भारा घेऊन आले, समोरचा प्रकार बघितला, भारा टाकला आणि धावत येऊन तिला मागून ओढलं. आक्का पाणी गाळत वर आली आणि चष्म्यातून त्यांच्यावर असे डोळे वटारले की ते दोन पावलं मागे सरले.

"दिसत हुतं!" ती ओरडली. "पिंपाच्या तळाला बटान पडलंय, त्ये दिसत हुतं!"

आम्ही तिघं हसलो. हसताना माझी नजर त्या बोळ्यावर गेली आणि माझं हसू आटलं. पंचेचाळीस वर्षं आक्का रोज अंघोळीला बसताना तो बोळा घालत होती. आणि माझ्या पिशवीत तक्त्याच्या खाली दोन छापील फॉर्म होते. डायव्हिंगच्या आधी भरून द्यायचे, प्रकृतीचे. माझा मी घरीच भरला होता, सगळ्या प्रश्नांपुढे ओळीनं 'नाही' 'नाही' लिहून. आक्काच्या फॉर्मवरचा एक प्रश्न मी चार वेळा वाचला होता: कानाच्या पडद्याला कधी छिद्र पडलं आहे का? उत्तर हो असेल तर डॉक्टरांची सही हवी. सही नसेल तर पाण्याखाली नेत नाहीत.

मी तिला ते तिथंच पिंपाजवळ सांगितलं. आणि मग जे पंचेचाळीस वर्षं बोलले नव्हते तेही बोलले. "आक्का, तो कान माझ्या टाचेनं गेला."

आक्का केस पिळत होती. "म्हाईत हाय की. माजाच कान हाय."

"तू कधी बोलली नाहीस."

"सात वर्साच्या पोरीला काय बोलायचं? अन् नंतर बोलायचं ऱ्हाऊन गेलं." तिनं चष्मा साडीच्या पदरानं पुसला. मग ती म्हणाली, "पन आता न्हेत न्हाईत म्हनले तर मला लई वाईट वाटंल धाकले. आधीच सांगते."

हे तिनं सरळ सांगितलं. आक्का स्वतःला काय हवं ते कधी सांगत नाही. मला तिथंच रडू आलं असतं, पण दाजी अजून भाऱ्याजवळ उभे होते.

भोरात दर बुधवारी पुण्याहून कानाचे डॉक्टर येतात. पुढच्या बुधवारी आक्का सकाळच्या एसटीनं आली. ती इरकल नेसली होती, जसे काही तिला बघायला पाहुणे येणार होते.  दवाखान्यात नंबर लागेपर्यंत मी देवाला सांगत होते की पडदा नीट असू दे, मग मी तक्त्यातले सगळे गुण खोडते, कुठल्याही बेटावर जाते, वाटलं तर भाटघरच्या.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी आक्काच्या कानात बारीक दिवा घातला, आणि शेजारच्या पडद्यावर काळं काहीतरी दिसलं.

"आजी, कानात काय काय घातलंय?"

"त्याल," आक्का म्हणाली. "कदी लसूण घालून, कदी वव्याचं. अन् बोळा."

"किती वर्षं?"

"तुमचं वय काय?"

पुढची वीस मिनिटं डॉक्टर त्या कानातून मळाचे खडे काढत होते. आक्का डोळे मिटून, मुठी आवळून बसली होती. शेवटी त्यांनी कोमट पाण्यानं कान धुतला, कोरडा केला, आणि पुन्हा दिवा घातला. पडद्यावर गुलाबी-पांढरं, स्वच्छ असं काही दिसलं.

"हा तुमचा कानाचा पडदा. इथं वण दिसतोय ना? इथं छिद्र होतं कधीतरी. पण ते केव्हाच भरून आलंय. पहिल्या दोन-तीन वर्षांतच आलं असेल."

"मग मला ऐकायला कमी का येत हुतं?"

"बोळ्यामुळे."

त्यांनी तिला नाक दाबून फुंकर मारायला सांगितली, आणि पडदा हलतो का ते बघितलं. हलला. खोल फार जायचं नाही, कान दुखला की लगेच खूण करून वर यायचं, असं समजावून त्यांनी फॉर्मवर सही केली. आक्कानं दचकून माझ्याकडे बघितलं. बाहेर रस्त्यावरून टेम्पो गेला होता. "ह्येवढ्या मोट्यानं जातोय व्हय रोज?" तिनं विचारलं.

मला काय वाटलं ते सांगता येत नाही. आनंद होताच. पण चाळीस-बेचाळीस वर्षं कान बरा होता आणि आमच्यातल्या कुणी तो एकदाही कुणाला दाखवला नाही, याचा रागही आला. आई गेलेली, रागवायचं कुणावर? मी पर्समध्ये रुमाल शोधायला हात घातला. रुमालाबरोबर माझा तोंडानं ओढायचा पंप बाहेर आला, टेबलावर पडला आणि गडगडत डॉक्टरांच्या पुढ्यात जाऊन थांबला.

"हा कुणाचा?"

"माझा," मी नाक पुसत म्हटलं.

"कशासाठी?"

"काही नाही, थंडीत जरा छाती भरते. दोनदा ओढला की मोकळं होतं."

"किती दिवसांनी लागतो?"

"थंडीत रोज. एरवी कधीतरी. आता दिवाळीच्या फटाक्यांत लागेल."

"त्यालाच दमा म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "तुम्हीही जाणार आहात का पाण्याखाली?"

मी माझा फॉर्म बाहेर काढला. दमा आहे का, या प्रश्नापुढे माझ्याच वळणदार अक्षरात 'नाही' लिहिलेलं होतं. देवाशप्पथ मी खोटं लिहिलं नव्हतं. दमा म्हणजे आमच्या चुलत्यांना होता तो, ओसरीवर उशीला टेकून धापा टाकायचे. मला दमा आहे हे मला त्या दिवशी, त्या टेबलापाशी पहिल्यांदा समजलं. डॉक्टर म्हणाले, असा दमा असताना पाण्याखाली जाणं जिवावर बेतू शकतं, मी सही करणार नाही, हवं तर छातीच्या डॉक्टरांना विचारा. मी त्यांच्याशी वाद घातला. व्हिडिओतल्या बाईचा दाखला दिला. माझा आवाज चढला आणि चढता चढता मला ठसका लागला, त्यामुळे वादात जोर राहिला नाही. बाहेर येऊन मी पंप लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनीही तेच सांगितलं, वर मला विचारलं की एवढी वर्षं मी काय सांगत होतो तुम्हाला?

एसटी स्टँडजवळ चहाच्या टपरीच्या बाकड्यावर मी बसले आणि रडले. मला तळाशी जायचं होतं. भोराच्या बाईला कासव बघायचं होतं, एवढंच. सतरा शिक्षकांच्या तासांत मी माझी अठ्ठावीस वर्षं बसवली, आता एक पाऊण तास स्वतःचा हवा होता. हे सगळं मी आक्काला मोठ्यानं सांगितलं आणि तिच्या मोकळ्या झालेल्या कानाला ते जरा जास्तच ऐकू गेलं.

"हळू गं," ती म्हणाली. मग म्हणाली, "मग म्याबी न्हाई जात."

"तू गेली नाहीस तर बघ. मी तुझ्या घरी पाऊल ठेवणार नाही."

"बरं," आक्का म्हणाली. इतक्या पटकन ऐकेल असं मला वाटलं नव्हतं. तिनं चहा बशीत ओतला, प्यायली, बशी खाली ठेवली. "पोरीला फोन लाव. तोंड दिसतं तसला."

मी लेकीला व्हिडिओ कॉल लावला. ती ऑफिसात होती, जिन्यात येऊन बोलली. मी काय झालं ते सांगायला लागले, पण आक्कानं मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला आणि तोंडाशी इतका जवळ धरला की लेकीला फक्त तिचं नाक दिसत असणार.

"कान बरा हाय. सही झाली. तुझ्या आईची न्हाई झाली, दमा निगाला," तिनं बातम्या एका दमात दिल्या. "आता मला सांग. ह्या बेटांत कुठल्या बेटाला पानी असं हाय का, नावंत बसलेल्या मानसाला तळ दिसतो?"

"लक्षद्वीप," लेक म्हणाली. "तिथं बेटाभोवती उथळ पाणी असतं, एकदम काचेसारखं. वरून सगळं दिसतं. पण मावशी, तू इतक्या वर्षांनी खाली जाणार, तर अंदमान बघ ना. तिथं जास्त खोल, जास्त काय काय आहे. लक्षद्वीपला तुला त्या मानानं थोडकंच दिसेल."

"थोडकं बास झालं मला. लक्षद्वीप ठरलं. पोलिसाचं काय त्ये म्या बगते," आक्का म्हणाली आणि तिनं फोन कुठं बंद करतात ते न कळून तो माझ्याकडे दिला.

मी रागावले. मला खरंच राग आला होता. तिनं माझ्यासाठी काही सोडायचं हे आता पुरे झालं होतं. "आक्का, तुला खोल जायचं होतं. माझ्यासाठी उथळ पाण्यात कशाला जातेस? मी नावेत बसून राहीन, मला दिसलं काय नि नाही दिसलं काय."

"तुझ्यासाठी न्हाई, माझ्यासाठी जाते," आक्का म्हणाली. "हिरीत म्या कळशीला बुडी मारायचे तवा माझा दम कदी संपला न्हाई. तुला दिसेनाशी झाले का तू काठावर भोकाड पसरायचीस, त्ये मला खाली ऐकू यायचं. म्हनून दर येळी घाईनं वर यायचे, तळ काय कदी धड बगितलाच न्हाई. आता तू वरनं मला बगत ऱ्हा. तू रडायची न्हाईस, अन् मला माझा पाऊन तास पुरा मिळंल."